पुढचं पुस्तक पुढच्या महिन्यात

बाबूराव अर्नाळकर हे नाव साठी उलटलेल्या कुठल्याही मराठी वाचकासमोर घेऊन पाहा. तो आधी हसेल, मग सून-नातवंडं जवळपास नाहीत ना हे बघेल आणि म्हणेल, "झुंजार!" आपण लेखकाचं नाव घ्यायचं आणि समोरच्याने नायकाचं नाव सांगायचं, असं मराठीत किती लेखकांच्या बाबतीत होतं?

झुंजारबद्दल प्रेमाने लिहिणारे पुष्कळ आहेत. मला आज लिहायचं आहे ते त्याला वर्षानुवर्षं वेळेवर हजर करणाऱ्या माणसाबद्दल.

अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म ९ जून १९०६, मृत्यू ५ जुलै १९९६. नव्वद वर्षांचं आयुष्य. त्यांच्या टोपणनावात जे अर्नाळा गाव आहे ते वसई तालुक्यातलं, समुद्रकाठचं. समोरच्या बेटावरचा किल्ला मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतला, हे मी वर्गात पुष्कळदा शिकवलं आहे. मुलांना अर्नाळा म्हटलं की किल्ला आठवावा अशी माझी अपेक्षा असे. मागच्या बाकांवरच्या मुलांना काय आठवायचं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसे!

अर्नाळकरांच्या आधी मराठीत रहस्य नव्हतं असं नाही. गोविंद नारायण दातारशास्त्री यांच्या 'कालिकामूर्ति', 'इंद्रभुवनगुहा' या कादंबऱ्या आमच्या आजोबांच्या पिढीने कंदिलाच्या उजेडात वाचल्या. भुयारं, गुप्त दरवाजे, वेषांतर, सगळं त्यांत होतं. पण कादंबरी संपली की ती माणसंही संपत. अर्नाळकरांची माणसं परत येत. बुद्धीच्या जोरावर गुन्हे उकलणारा धनंजय आणि त्याच्याबरोबरचा छोटू. कायद्याच्या पलीकडे राहून दुष्टांना धडा शिकवणारा झुंजार, त्याची विजया आणि त्याचा नेताजी. अंधारात वावरणारा काळा पहाड. एक पुस्तक मिटलं तरी ही मंडळी कुठेतरी जगत आहेत, पुढच्या महिन्यात भेटणार आहेत, असं वाटत राही. इंग्रजी वाचणाऱ्यांना धनंजयात शेरलॉक होम्स दिसे आणि झुंजारमध्ये लेस्ली चार्टरिसचा 'सेंट'. असेल. आम्हांला त्याचं काही नव्हतं. आमचा झुंजार मुंबईच्या रस्त्यांवरून मोटार हाकत असे आणि मराठी बोलत असे, एवढं पुरे होतं.

आता थोडं गणित करू. अर्नाळकरांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा आहेत. समजा लिहिण्याची वर्षं पन्नास धरली, तर वर्षाला वीस पुस्तकं होतात, म्हणजे साधारण अठरा दिवसांना एक. प्रत्येकाची शंभरच पानं धरली तरी एक लाख छापील पानं. यात आजारपणं आली, घरातली लग्नकार्यं आली, पावसाळे आले, महायुद्धातली कागदटंचाईही आली. शाळेत पाक्षिक चाचण्यांचे पेपर वेळेवर तपासून द्यायचे म्हटलं तरी आम्हां शिक्षकांची दमछाक होई. इथे पंधरा-अठरा दिवसांत नवा खून, नवा खलनायक आणि नवी सुटका!

मालिका लिहिणं म्हणजे वाचकाला शब्द देणं. एकटी कादंबरी लिहिणारा लेखक आठ वर्षं गप्प बसला तर लोक म्हणतात, मोठं काहीतरी चाललंय. मालिकेचा लेखक दोन महिने गप्प बसला तर लोक विचारतात, झालं काय? आर्थर कॉनन डॉयलला याचा जाच झाला. इतर लेखनासाठी मोकळीक हवी म्हणून त्याने १८९३ च्या डिसेंबरात होम्सला मारून टाकलं. वाचक इतके संतापले की अखेर त्याला माघार घ्यावी लागली. आधी १९०१ साली होम्सच्या हयातीतली म्हणून एक लांबलचक कथा त्याने क्रमशः छापायला दिली आणि १९०३ साली होम्सला सरळ जिवंतच करून टाकलं.

याहून मला हलवून जाते ती आपल्या शेजारची गोष्ट. उर्दूतले इब्ने सफी. १९५२ साली अलाहाबादहून त्यांची 'जासूसी दुनिया' सुरू झाली. त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण पुस्तकं दोन्ही देशांत निघत राहिली. १९६० च्या सुमारास ते मनाने आजारी पडले आणि तीनेक वर्षं लेखणी थांबली. त्या काळात त्यांच्याशी मिळतीजुळती नावं लावून नकली लेखकांनी बाजार भरून टाकला. १९६३ मध्ये ते 'डेढ मतवाले' घेऊन परतले, तेव्हा लोकांनी ते उचलून धरलं. लेखक आजारी असला तरी दुकानातली जागा रिकामी राहत नाही. कोणीतरी दुसरा त्याच्यासारखंच नाव लावून तिथे येऊन बसतो. दर महिन्याला लिहिणाऱ्याच्या डोक्यावर ही टांगती तलवार कायमची.

लिहिण्याइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे ते पुस्तक लोकांपर्यंत पोचवणं. यातही एकेकाचे फजितीचे किस्से आहेत. एडगर वॉलेसने १९०५ साली 'द फोर जस्ट मेन' ही कादंबरी स्वतःच छापली आणि रहस्य ओळखणाऱ्याला पाचशे पौंडांचं बक्षीस लावलं. मोठमोठ्या जाहिराती केल्या. पुस्तक धडाक्याने खपलं, पण बरोबर उत्तर एकालाच बक्षीस मिळवून देईल अशी अट घालायची राहून गेली! बरोबर उत्तरं ढिगाने आली आणि वॉलेस कर्जात बुडाला. पुस्तकाचे हक्क त्याला किरकोळ रकमेला विकावे लागले.

आपल्याकडे असं काही करायला पैसेच नव्हते. तीन गोष्टींवर सगळं भागे. पहिली, मुखपृष्ठ. भडक रंग, पिस्तूल, घाबरलेली बाई आणि नायकाचं ठसठशीत नाव. दुसरी, वाचनालयाचा चालक. तिसरी, पुस्तकाचं शेवटचं पान.

दुसऱ्या गोष्टीबद्दल आमच्या पनवेलपुरतं सांगते. मी लहान असताना पनवेल कुलाबा जिल्ह्यात होतं, रायगड हे नाव १९८१ चं. वाशीचा खाडीपूल व्हायचा होता, त्यामुळे मुंबईची एस.टी. ठाण्याला वळसा घालून येई. पुण्याचा रस्ता आणि गोव्याचा रस्ता इथेच फुटत असल्यामुळे स्टँडवर सदा वर्दळ. अशा गावात वर्तमानपत्रं, मासिकं आणि रहस्यकथा यांना मरण नव्हतं. गावात किरकोळ अनामत घेऊन घरी पुस्तकं देणारी खाजगी वाचनालयं होती. तिथला चालक कोण काय वाचतो ते ओळखून असे. "झुंजार नवीन आलाय, पण उद्या सकाळी परत पाहिजे. चार जण थांबलेत," असं तो हळू आवाजात सांगे. ते चार जण खरे होते की नाही देव जाणे, पण आमचा दादा पुस्तक लपवून घरी आणी आणि रात्रीत संपवी. मग पहाटे माझी पाळी. मुलींनी वाचनालयात जाऊन झुंजार मागायचा नाही, असा काही लेखी नियम नव्हता. पण तो पाळला जाई.

या व्यवस्थेची एक बाजू तेव्हा आमच्या लक्षात येण्यासारखी नव्हती. वाचनालयाने घेतलेली एक प्रत शंभर हातांतून फिरे. शंभर वाचक, पण खप एका प्रतीचा. शिवाय अशा स्वस्त पुस्तकांच्या धंद्यात एकरकमी पैसे देऊन हस्तलिखित घ्यायची पद्धत सर्रास होती. पुस्तक पुढे कितीही वाचलं गेलं तरी लेखकाला पुढची रक्कम पुढचं पुस्तक लिहिल्यावरच. तेव्हा हा वेग नुसत्या प्रतिभेचा नव्हता, पोटाचाही होता. "हजार पुस्तकं लिहिली, त्यात कसलं साहित्य?" असं नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

मराठीची शिक्षिका म्हणून मला या पुस्तकांचं एक ऋण मान्य केलंच पाहिजे. त्यांची वाक्यं छोटी असत. संवाद भरपूर. प्रकरण अशा जागी संपे की पान उलटल्याशिवाय गत्यंतर नाही. निबंधाच्या दोन ओळी लिहिताना घाम फुटणारी मुलं ही पुस्तकं न अडखळता वाचत. वाचनाला वेग येतो तो अशाच वाचनाने. वेग आल्यावर त्यांतली काही मुलं पुढे खांडेकरांकडे गेली, काही पु. लं.कडे, काही कुठेच गेली नाहीत. पण छापील पानाची भीती गेली ती गेलीच.

अर्नाळकरांच्या वाटेवरून पुढे पुष्कळ जण चालले. गुरुनाथ नाईक यांच्या रहस्यकथांची संख्या बाराशेच्या घरात सांगितली जाते. कॅप्टन दीप हा त्यांचा नायक अनेकांना आठवत असेल. २०२१ साली ते गेले. सुहास शिरवळकरांनी (१९४८–२००३) दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, अमर विश्वास असे नायक उभे केले आणि मग धाडसाने वेगळ्या कादंबरीकडे वळले. त्यांच्या 'दुनियादारी'वर २०१३ साली चित्रपट निघाला आणि नव्या पिढीने दुकानात जाऊन ते पुस्तक मागितलं. लेखक जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

दरम्यान रहस्य पडद्यावर गेलं होतं. बी. पी. सिंग यांची 'एक शून्य शून्य' मुंबई दूरदर्शनवर लागली की रस्ते शांत होत. १९९८ साली त्यांचीच 'सीआयडी' सुरू झाली आणि 'एक शून्य शून्य'मधले शिवाजी साटम एसीपी प्रद्युम्न होऊन घरोघर पोचले. परत परत येणारा नायक, ओळखीचे सहकारी, दर आठवड्याला नवा गुन्हा. रीत तीच, फक्त पान उलटायचे कष्ट संपले. खाजगी वाचनालयं एकेक करून बंद पडली आणि त्यांच्याबरोबर ती पुस्तकंही गेली.

कुठे गेली? ती वाचून वाचून फाटली, हे त्याचं खरं उत्तर. जाड पुठ्ठ्याची, न उघडलेली पुस्तकं कपाटांत सुखरूप राहतात. ज्यांवर लोकांनी मनापासून प्रेम केलं त्यांची पानं सुटतात, मुखपृष्ठं गळतात आणि उरलेलं रद्दीत जातं. हजार पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाच्या सगळ्या पुस्तकांची एकत्र रास आज कोणाला दाखवता येईल? इतिहास शिकवणाऱ्या बाईला हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही. पेशव्यांच्या दफ्तरातला तेलातुपाचा हिशेब आपण जपला, ते योग्यच केलं. पण लाखो मराठी माणसं रात्र जागून काय वाचत होती, याचे कागद आपल्याच पिढीच्या डोळ्यांदेखत नाहीसे होत आहेत.

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे येते, शेवटच्या पानाकडे. तिथे पुढच्या महिन्यात येणाऱ्या पुस्तकाचं नाव असे, कधी आधी निघालेल्या पुस्तकांची यादी असे. लेखकाच्या आणि प्रकाशकाच्या दृष्टीने ती जाहिरात. आमच्या दृष्टीने तो दिलेला शब्द. आणि आज पाहिलं तर तो पुरावा आहे. माझ्याकडे दोन जुन्या प्रती उरल्या आहेत. एकीवर साल छापलेलंच नाही. पण शेवटच्या पानावरच्या नावांमुळे ते पुस्तक कशाच्या आधीचं आणि कशाच्या नंतरचं ते कळतं. अशी पन्नास-शंभर शेवटची पानं एकत्र आली तर हरवलेल्या पुस्तकांचीसुद्धा नावं हाती लागतील आणि त्यांचा क्रम जुळवता येईल. विक्रीसाठी छापलेलं पान असं इतिहासाच्या कामी येईल.

म्हणून नातेवाईकांना आणि लिहित्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. गावाकडच्या माळ्यावर, आजोळच्या फडताळात, जुन्या ट्रंकेत असं एखादं पुस्तक सापडलं तर ते किलोच्या भावात देण्याआधी पाच मिनिटं काढा. नाव, लेखक, नायक, किंमत, प्रकाशकाचा पत्ता आणि साल असेल तर साल, एवढं एका कागदावर उतरवून घ्या. वाचनालयाचा शिक्का असेल तर तोही टिपा, म्हणजे पुस्तक कुठल्या गावात फिरलं ते कळेल. पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढा. शेवटचं पान मात्र विसरू नका, पुढच्या पुस्तकाचा पत्ता तिथेच असतो.