विसरलेल्याचा हिशोब

"शाळेत शिकलेलं आता काही म्हणजे काही आठवत नाही," हे वाक्य आपण सगळेच किती सहज म्हणतो, नाही? बीजगणित गेलं, संस्कृतची रूपं गेली, वीसच्या पुढचे पाढे गेले. पण गेलं म्हणजे कुठे गेलं, आणि खरंच सगळं गेलं का, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. एका जर्मन गृहस्थाने तो विचारला आणि उत्तर शोधण्यासाठी निरर्थक अक्षरं पाठ करण्यात महिनोन् महिने घालवले. आज त्याच्याबद्दल थोडं.

हरमान एबिंगहाउस. जन्म १८५०. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवून हा तरुण काही वर्षं इंग्लंड-फ्रान्समध्ये भटकत होता. पॅरिसमध्ये जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात त्याला फेख्नरचं १८६० सालचं पुस्तक मिळालं. हातावरचं वजन किती वाढलं की ते आपल्याला जाणवतं, अशा संवेदनांचं चक्क मोजमाप फेख्नरने त्यात केलं होतं. एबिंगहाउसच्या डोक्यात आलं, संवेदना मोजता येते तर स्मृती का नाही? त्या काळी हा विचार धाडसाचाच होता. १८७९ साली लाइपझिगला मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा काढणाऱ्या वुंटचंही मत असंच होतं, की मनाचे वरच्या पायरीचे व्यवहार प्रयोगात पकडता येत नाहीत.

एबिंगहाउसकडे तर प्रयोगशाळाही नव्हती. प्रयोगाला माणसंही नव्हती. मग तोच प्रयोग करणारा आणि तोच उंदीर!

पहिली अडचण, पाठ काय करायचं? कविता घ्यावी तर एखादी ओळ आधीच कुठेतरी ऐकलेली असते, एखादा शब्द कसली तरी आठवण काढतो. म्हणून त्याने व्यंजन-स्वर-व्यंजन अशी सुमारे २३०० अर्थहीन अक्षरं तयार केली. गंमत म्हणून मी एका रविवारी मराठीत असा प्रयत्न करून पाहिला. 'बक' म्हणावं तर बगळा उभा राहतो, 'तूप' म्हणावं तर वरणभात! अर्थ पिच्छा सोडत नाही. आपली सगळी अक्षरं सारखी अवघड नाहीत, हे खुद्द एबिंगहाउसनेही नोंदवून ठेवलं आहे.

मग १८७९-८० मध्ये एकदा आणि १८८३-८४ मध्ये पुन्हा, तो ठरलेल्या वेळी बसायचा. मिनिटाला १५० अक्षरं अशा एकसारख्या ठेक्यात वाचायचं. तेरा अक्षरांची एक ओळ, अशा आठ ओळी. प्रत्येक ओळ न अडखळता दोनदा म्हणता आली की ती पाठ झाली असं धरायचं, आणि लागलेला वेळ लिहून ठेवायचा.

खरी हुशारी पुढे आहे. काही वेळाने "आता किती आठवतंय?" असं तो स्वतःला विचारत नव्हता. तो त्याच ओळी पुन्हा पाठ करायचा आणि या खेपेला किती वेळ वाचला ते बघायचा. समजा पहिल्यांदा अठरा मिनिटं लागली आणि दुसऱ्यांदा बारा, तर एक तृतीयांश वेळ वाचला. एक अक्षरही आठवत नसलं तरी चालेल. वाचलेला वेळ म्हणजेच आत उरलेली शिल्लक.

ही शिल्लक त्याने १८८५ साली पुस्तकात छापली. वीस मिनिटांनी ५८ टक्के, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४, सहा दिवसांनी २५ आणि एकतीस दिवसांनी २१ टक्के. हाच तो प्रसिद्ध 'विस्मरणाचा आलेख'. प्रशिक्षणाच्या कार्यक्रमांत तो हमखास पडद्यावर दाखवतात आणि "बघा, माणूस किती भराभर विसरतो" म्हणून घाबरवतात. ते एक गोष्ट सांगत नाहीत. ही घसरण निरर्थक अक्षरांची आहे. बायरनच्या 'डॉन वॉन' या काव्यातली कडवी पाठ करायला त्याला जवळपास एक दशांशच कष्ट पडले होते. आणि दुसरी गोष्ट, माझ्या मते जास्त मोठी. पहिल्या दिवसात कोसळणारी रेघ नंतर जवळजवळ आडवी होते. सहाव्या आणि एकतिसाव्या दिवसात फरक फक्त चार टक्क्यांचा! विस्मरणाचा म्हणून ओळखला जाणारा हा आलेख खरं तर शिलकीचा आहे.

आता एका माणसाने स्वतःवर केलेल्या प्रयोगावर किती विसंबायचं? रास्त शंका आहे. पण अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला. एका व्यक्तीने ७० तास अशा ओळी घोकल्या, आणि २०१५ साली छापलेला त्यांचा आलेख मूळ आलेखाशी बराचसा जुळला.

त्याच पुस्तकात आणखी एक निरीक्षण आहे. आदल्या एकाच दिवशी सलग ६८ वेळा घोकून जो परिणाम साधला, तोच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ वेळांत साधला. हे वाचून मला परवचा आठवला. दिवेलागणीला शुभंकरोती झालं की पाढे, रोज थोडे. त्यामागे कुणाचा प्रयोग नव्हता, पण पद्धत हीच होती.

हे झालं घड्याळावरचं मोजमाप. डोक्याच्या आत काय घडतं, ते दिसायला जवळजवळ शंभर वर्षं जावी लागली, आणि ते दिसलं एका समुद्री गोगलगाईत. अॅप्लिसिया तिचं नाव. तिच्याकडे जेमतेम वीस हजार चेतापेशी, त्याही चांगल्या ठसठशीत. एरिक कँडेल यांनी तिच्या दचकण्याचा अभ्यास केला. या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. शेपटीला एकदा धक्का दिला तर तिची सावधगिरी काही मिनिटं टिकते. अंतर ठेवून, दिवसांमागून दिवस दिला तर काही आठवडे टिकते. दीर्घकाळ टिकणाऱ्या या शिकण्यासाठी पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात, नवे जोड वाढवावे लागतात. कँडेल यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजले. एका संवेदी पेशीचे सुमारे १३०० जोड वाढून २७०० झाले. पुढे शिकलेलं ओसरत गेलं तसे ते कमी झाले, पण १३०० वर आले नाहीत. सुमारे १५०० वर थांबले.

ते वरचे दोनशे! गोगलगाय दुसऱ्या वेळी लवकर शिकते ती बहुधा या उरलेल्या वाढीमुळे, असं कँडेल लिहितात आणि तिथे एबिंगहाउसचं नाव घेतात. गोगलगाईचं दचकणं म्हणजे माणसाचं पाठांतर नव्हे, हे मान्य. तरीही घड्याळाने सांगितलेली गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा दिसावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

असो. हे सगळं लिहायचं कारण माझे थोरले काका. अमरकोशाचा पहिला कांड त्यांना लहानपणी मुखोद्गत होता. हल्ली पुस्तक पुढे केलं की ते हात झटकतात, "पाटी कोरी झाली रे." स्मृतिभ्रंशाच्या आजाराची गोष्ट वेगळी, तिथे हा हिशोब लागू नाही. पण काकांना तसलं काही नाही. किराण्याच्या दुकानातली गेल्या महिन्याची उधारी ते पैशापैशाने सांगतात!

तेव्हा काका, एक करा. लहानपणी पाठ केलेलं एक पान घ्या आणि त्याच ग्रंथातलं, तेवढ्याच लांबीचं, कधी न वाचलेलं दुसरं पान घ्या. घड्याळ लावा. दोन्ही पाठ करा, सलग नको, रोज थोडं थोडं. कुठल्या पानाला किती मिनिटं लागली ते मला फोनवर सांगा. जुनं पान आधी होईल, यावर मी पैज लावायला तयार आहे.