कोशिंबीर, घोळाणा, कचुंबर: औरंगपुऱ्याच्या ताटातील कच्च्या भाजीचा इतिहास

महाराष्ट्रातील पारंपरिक पंगतीत पानाची डावी बाजू मीठ, लिंबाची फोड, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर यांच्यासाठी राखून ठेवलेली असते. कच्च्या भाजीला पानात मिळालेली ही जागा लहान असली, तरी तिच्यामागचा इतिहास लांबचा आहे आणि छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) जुन्या वस्तीत, विशेषतः गुलमंडी आणि पैठण दरवाजा यांच्या टापूतील औरंगपुऱ्यात, तो जवळून पाहता येतो. कारण या भागात कच्ची भाजी खाण्याच्या तीन रीती शेजारीशेजारी नांदल्या. पहिली कोशिंबिरीची, तीत भाजी चोचवून, किसून किंवा बारीक चिरून तिच्यात दही अथवा लिंबू आणि कूट घालतात व वरून बहुधा फोडणी देतात. दुसरी घोळाण्याची, मराठवाडा आणि खानदेशातील या शेतकरी प्रकारात कोवळा पाला न शिजवता तिखट, मीठ, कूट आणि कच्चे तेल लावून हाताने कालवतात. तिसरी कचुंबराची, कांदा, काकडी, मुळा किंवा टमाटे चिरून मीठ-लिंबू लावलेले हे तोंडीलावणे दख्खनी मुसलमानी जेवणात सामिष पदार्थांसोबत येते. तिन्ही रीतींच्या घरांचा बाजार मात्र एकच, औरंगपुऱ्याची भाजीमंडई.

शिजवून खायची भाजी एक दिवस शिळी असली, थोडी सुकली असली तरी फोडणीत खपून जाते. कच्ची खायची भाजी मात्र त्याच दिवशी तोडलेली, कोवळी आणि स्वच्छ पाण्यात धुतलेली असावी लागते. म्हणून कच्च्या भाजीचा इतिहास सांगायचा तर तो आधी पाण्याचा इतिहास म्हणून सांगावा लागतो. ज्या शहराच्या वेशीलगत बारमाही ओल असलेले मळे नाहीत, त्या शहरात कोशिंबीर सणावारापुरतीच उरते. मराठवाड्यासारख्या अवर्षणाच्या छायेत वावरणाऱ्या प्रदेशात तर हा संबंध अधिकच घट्ट आहे.

अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी हे गाव राजधानीसाठी वसवले, तेव्हा खाम नदीचा उथळ प्रवाह एवढ्या मोठ्या वस्तीला पुरणारा नव्हता. हर्सूलच्या बाजूला, नदीच्या वरच्या अंगाला, जमिनीखाली झिरपणारे पाणी गोळा करून ते केवळ उताराच्या बळावर शहरात आणणारी नहर त्याने खोदवली. नहर म्हणजे चिरेबंदी बांधणीचा भूमिगत कालवा. नहर-ए-अंबरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कालव्यावर हवा खेळती राहावी आणि पाण्याचा दाब आवरला जावा म्हणून जागोजाग विटांचे उंच बंबे उभारले होते, त्यांपैकी काही आजही पाहायला मिळतात. पुढे पाणचक्कीची नहर आणि इतर लहान नहरींची भर पडली. त्यांचे पाणी हौदांत, मशिदींत, हवेल्यांत जसे खेळले तसे बागांतही गेले. मोगलकालीन हिमायत बाग ही त्या बागाईताची मोठी खूण असून पुढे तेथे कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आले. १६६६-६७ च्या सुमारास येथून गोवळकोंड्याकडे गेलेल्या थेवेनो या फ्रेंच प्रवाशाने शहराच्या व्यापाराबरोबर भोवतालच्या सुपीक जमिनीचीही वाखाणणी केली आहे.

औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीत, म्हणजे १६५३ नंतर, शहराला औरंगाबाद हे नाव मिळाले आणि त्याच्या सरदारांनी वसवलेल्या पुऱ्यांनी ते चहूबाजूंनी वाढले. पुरा म्हणजे स्वतःचा बाजार, विहीर आणि प्रार्थनास्थळ असलेली उपवस्ती. जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा ही राजपूत सरदारांची नावे अजून टिकून आहेत. औरंगपुरा हा त्याच मालिकेतला, परंतु कालांतराने तो मराठी शिक्षित वर्गाचा भाग बनला. येथील संत एकनाथांच्या मंदिरामुळे पैठणशी त्याचा भक्तीचा धागा जुळला, १९१५ मध्ये स्थापन झालेल्या सरस्वती भुवन शिक्षणसंस्थेमुळे खेड्यापाड्यांतील विद्यार्थी येथे राहू लागले, आणि शेतातला घोळाणा शहराच्या स्वयंपाकघरात रुजण्यास ही वर्दळ कारणीभूत ठरली असावी, असे मानण्यास जागा आहे.

कोशिंबिरीच्या घटकांचे वय सारखे नाही. सर्वांत जुनी काकडी. ती हिमालयाच्या पायथ्याच्या रानवेलीची वंशज असून भारतातूनच जगभर पसरली. तिचेच जवळचे भावंड असलेले वाळूक मराठवाड्यात खरिपाच्या बाजरी-कापसात आंतरपीक म्हणून येते, भाद्रपदात मंडईत दिसते आणि तिखट-मीठ लावून किंवा दह्यात कालवून संपते. मुळाही प्राचीन आहे. कोवळा मुळा तिन्ही दोष शमवतो आणि जून झालेला तेच दोष वाढवतो, असा विवेक चरकसंहितेत केलेला आहे. मंडईत मुळा हातात घेऊन नखाने टोचून पाहणारी गृहिणी नेमका हाच विवेक करत असते. कांदा आणि मुळा तेराव्या शतकातील मराठी मळ्यात होते, याची साक्ष अरणच्या सावता माळ्याच्या अभंगात मिळते, जिथे मळ्यातली भाजी हेच विठ्ठलाचे रूप मानले आहे. मात्र आज गायल्या जाणाऱ्या पाठात मिरचीही येते आणि मिरची तर पोर्तुगिजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात अमेरिकेतून भारतात आली, तर सावता माळ्याचे निधन १२९५ मधले. तेव्हा हा पाठ गाणाऱ्यांच्या मुखातून पुढे वाढत गेला, असे म्हणणे भाग आहे. आणि तो वाढत गेला, हेच मिरची मराठी मळ्यात किती घरची झाली याचे उत्तम प्रमाण ठरते.

मिरचीच्या आधी कच्च्या भाजीला तिखटपणा आले, मिरी आणि मोहरी यांच्याकडून येत असला पाहिजे. मोहरी पाण्यासह वाटून फेसण्याची, आणि ती फेसलेली मोहरी दह्यात कालवून काकडीला लावण्याची पद्धत अजूनही अनेक घरांत आहे, ती त्या जुन्या काळाचा अवशेष वाटते. दाण्याचा कूट, ज्याच्याशिवाय आज मराठी कोशिंबिरीची कल्पनाच करवत नाही, तो तर आणखी अलीकडचा. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला असून महाराष्ट्रात त्याची लागवड खऱ्या अर्थाने फोफावली ती एकोणिसाव्या शतकात. त्यापूर्वी दाटपणासाठी तीळ, कारळे, खोबरे यांचाच आधार असणार. टमाटे आणि बीट यांचा प्रसार इंग्रजी अमदानीत छावण्यांच्या आसपासच्या बागांतून झाला, ही सबंध दख्खनची गोष्ट आहे. औरंगाबादेतही हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या खर्चाने पोसलेल्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची, छावणी होती आणि त्या छावणीचा गुरुवारचा आठवडी बाजार आजही भरतो.

मोगल दरबाराच्या खाण्यातही कच्च्या पाल्याला जागा होती. अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत भाज्यांचे जे भाव नोंदवले आहेत, त्यांत गाजर, कांदा, पुदिना यांचा समावेश आहे. दख्खनमध्ये या रुचीचे जे रूप टिकले, ते शहराचा मानाचा पदार्थ असलेल्या नान-खलियाच्या ताटात दिसते. खलिया म्हणजे मटणाचा मसालेदार रस्सा, आणि नान म्हणजे तंदुरात भाजलेली, वरून हळदी रंगाचा हात फिरवलेली जाड रोटी. तिच्या कडेला कांद्याच्या चकत्या आणि लिंबू नसेल तर ताट अपुरे समजतात. १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवणाऱ्या मुहम्मद तुघलकाच्या फौजेशी हा पदार्थ जोडणारी लोककथा प्रसिद्ध आहे. तिला पुराव्याचा आधार नसला तरी शहर स्वतःच्या खाण्याचे मूळ कोठे शोधते हे तिच्यातून कळते. भाजीच्या व्यापारातही वेगवेगळ्या रीतींच्या घरांचे हे शेजारपण होतेच. फळे-भाजीच्या उलाढालीत पिढ्यान्‌पिढ्या गुंतलेला बागवान समाज आणि मळे कसणारे माळी यांच्या देवघेवीवर मंडई उभी राहिली.

घोळाण्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेले नाही, कारण तो छापील पाकशास्त्राच्या बाहेर राहिला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे सूपशास्त्र (१८७५), लक्ष्मीबाई धुरंधरांचे गृहिणीमित्र (१९१०) आणि कमलाबाई ओगल्यांची रुचिरा (१९७०) ही मराठी पाकग्रंथांची ठळक नावे प्रामुख्याने पुण्या-मुंबईच्या आणि दक्षिण महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांतून घडली. मराठवाड्याच्या शेतात मात्र ज्वारीच्या भाकरीबरोबर ठेचा, कांदा आणि मूठभर कच्चा पाला हेच न्याहारीचे अन्न होते. हिवाळ्यात मेथीची कोवळी जुडी निवडून, दोनतीन पाण्यांतून माती काढून पाला फडक्यावर कोरडा करतात. देठ कोवळे असतील तर तेही घेतात. विळीवर बारीक न चिरता पाने हातानेच तोडतात, कारण चिरल्याने कडवटपणा वाढतो असा अनुभव आहे. त्यात चिरलेला कांदा किंवा कांद्याची पात, लाल तिखट, मीठ आणि भाजलेल्या दाण्यांचा जाडसर कूट पडतो, आणि अखेरीस करडईचे कच्चे तेल. हे तेल घातल्यावर पाला बोटांनी खालवर केला की तो मऊ पडतो, पण मरगळत नाही. तेवढ्यात भाकरी तव्यावरून उतरली पाहिजे, कारण मिठाने पाणी सुटले की चव जाते.

मेथीखेरीज रब्बीच्या शेतात आपोआप उगवणारी पाथरी, हरभऱ्याचा आंबट कोवळा शेंडा आणि करडईची काटे न आलेली पाने हीही अशीच खातात. यांतील पाथरी तर तण म्हणून उपटली जाते आणि तीच भाकरीवर येते. आहारशास्त्राच्या दृष्टीनेही ही जुळणी विचारपूर्वक केल्यासारखी आहे. उष्णतेने नष्ट होणारे क जीवनसत्त्व कच्च्या पाल्यात शाबूत राहते आणि त्यामुळे पाल्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते; हिरव्या पानांतील कॅरोटीन शोषले जाण्यासाठी तेलाची गरज असते; आणि दाण्याच्या कुटाने भाकरीच्या जेवणात प्रथिनांची भर पडते. एकाच परातीत हे सारे साधणाऱ्या अनाम स्त्रियांचे श्रेय कोणत्याही ग्रंथात नोंदले गेले नाही, ही मराठी अन्नेतिहासातील मोठी उणीव मानली पाहिजे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून हैदराबादकडे जाणाऱ्या मीटरगेज लोहमार्गाची सोय झाली आणि नाशिककडील माल शहरात सुलभपणे येऊ लागला. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९६० मध्ये मराठवाडा महाराष्ट्र राज्याचा भाग झाला, आणि पाठोपाठ आलेल्या कारखानदारीने लोकसंख्या झपाट्याने वाढली. १९७२ च्या दुष्काळाने विहिरी कोरड्या पाडल्या. त्याआधी, १९६५ मध्ये, पायाभरणी झालेले पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्णत्वास गेले आणि शहराच्या पिण्याच्या पाण्याची भिस्त नहरींवरून गोदावरीवर गेली. शहराभोवतीचे मळे वसाहतींखाली गेले, घाऊक व्यवहार जाधववाडीच्या बाजार समितीत एकवटला, आणि औरंगपुऱ्याची मंडई फुलंब्री, करमाड, पैठण या अंगाने येणाऱ्या मालाचे किरकोळ केंद्र म्हणून राहिली.

या मंडईची खरी कसोटी भाद्रपदात लागते. मराठवाड्यात महालक्ष्म्या, म्हणजे इतरत्र ज्येष्ठा गौरी म्हणून पुजल्या जाणाऱ्या देवी, बसतात तेव्हा नैवेद्यात सोळा भाज्या आणि पाच कोशिंबिरी करण्याची चाल आहे. काकडी, मुळा, गाजर, पत्ताकोबी आणि दह्यातला भोपळा अशा पाच, किंवा घराण्याच्या रीतीप्रमाणे दुसऱ्या पाच. परंतु पाचाचा आकडा चुकत नाही. ज्या घरांत चातुर्मास पाळतात तेथे कांदा-लसूण वर्ज्य असते. आषाढातील कांदेनवमीला कांद्याचे पदार्थ मनसोक्त खाऊन मग चार महिने तो सोडण्याचा प्रघात याच नियमातून आला. त्यामुळे महालक्ष्म्यांच्या कोशिंबिरी कांद्याविना सजतात आणि त्यांची सगळी मदार भाजीच्या ताजेपणावर असते.

मंडईची जुनी इमारत पाडून खासगी विकासकाच्या सहभागाने तेथे संकुल उभारण्याचा महापालिकेचा प्रकल्प वर्षानुवर्षे रेंगाळला आणि विक्रेते आसपासच्या रस्त्यांवर बसू लागले. तिकडे करडईचे क्षेत्र सोयाबीनच्या रेट्यापुढे आक्रसले, घोळाण्यात शेंगदाण्याचे किंवा पिशवीतले रिफाइंड तेल आले, तर आरोग्याची जाण वाढल्याने मोड आलेले मूग, बीट, डाळिंबाचे दाणे यांना पानाच्या डाव्या बाजूला नव्याने स्थान मिळाले. लाकडी घाण्यावर काढलेले करडईचे तेल शहरात पुन्हा विकले जाऊ लागले आहे, हे स्वागतार्ह आहे. परंतु ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, तेथे मेथी तीन पाण्यांतून काढणे हीच चैन होऊन बसते, आणि रस्त्याच्या कडेला धुळीत मांडलेला पाला कच्चा खाण्यास जाणते लोकही कचरतात. नव्या मंडईचा आराखडा करताना गाळ्यांची संख्या आणि भाडे यांच्याइतकाच विचार ओट्यावरच्या सावलीचा, सांडपाण्याच्या निचऱ्याचा आणि भाजी धुण्याच्या वाहत्या पाण्याचा झाला पाहिजे. चारशे वर्षांपूर्वी या शहराची आखणी करणाऱ्यांनी पाण्याची सोय बाजारपेठेइतकीच महत्त्वाची मानली होती, आणि तिची काही चिरेबंदी अजून जमिनीखाली शाबूत आहे.