धर्म-अभ्यास, पाचोड–पैठण परिसर

धर्मग्रंथ, संप्रदाय, आचार आणि तीर्थस्थाने यांचे संशोधकाच्या दृष्टीने केलेले अध्ययन. अभ्यासक श्रद्धावान असो वा नसो, पुरावा तपासण्याची रीत एकच. धुळे–सोलापूर महामार्गावरचे पाचोड मोसंबीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. ते ज्या पैठण तालुक्यात मोडते, त्याच्या धार्मिक वाङ्मयावर जगभरच्या विद्यापीठांत काम चालते. त्या कामात इथल्या मुलामुलींचा वाटा अजून फार थोडा आहे.

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे पैठणला वास्तव्य होते. म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्राची, म्हणजे लीळाचरित्राची, मूळ प्रत हरवली आणि अनुयायांनी आठवणींच्या आधारे ग्रंथ पुन्हा उभा केला, अशी परंपरा आहे. त्याचे पाठ अनेक असण्याचे एक कारण तेच सांगितले जाते. पुढे महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवल्या. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या अ‍ॅन फेल्डहाउस यांनी या वाङ्मयावर अनेक दशके काम केले. शं. गो. तुळपुळे यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला जुन्या मराठीचा कोश 1999 मध्ये निघाला आणि लीळाचरित्राच्या त्यांच्या इंग्रजी अनुवादाचा पहिला खंड 2024 मध्ये आला.

पैठणच्याच संत एकनाथांवरचे अलीकडचे महत्त्वाचे पुस्तक जॉन क्यून यांचे (2021). श्राद्धासाठी रांधलेले अन्न नाथांनी आधी महारांना वाढले, ही कथा पैठणच्या पंचक्रोशीत कीर्तनातून कोणीही ऐकलेली असते. क्यून यांनी एकत्र जेवणाच्या अशा कथा जुन्या चरित्रांतून, नाटकांतून आणि प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटापर्यंत (1935) तपासल्या. जातीचा प्रश्न दर पिढीने कुठे सौम्य केला आणि कुठे धारदार केला, हे त्यातून कळते. तोंडपाठ कथेकडे इतक्या बारकाईने पाहता येते, हेच या विद्याशाखेचे बळ. सूफी परंपरेच्या अभ्यासकाला याच जिल्ह्यात सूफी दर्ग्यांचे खुलताबाद आहे. त्यावर कार्ल अर्न्स्ट यांचा ग्रंथ 1992 मध्ये निघाला. त्या वाटेने जायचे तर फारसी शिकावी लागते.

शिक्षणाच्या सोयी वाढत आहेत. पैठणचे संतपीठ 2021 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या अखत्यारीत सुरू झाले. ज्ञानेश्वरी, तुकाराम गाथा, एकनाथी भागवत, वारकरी कीर्तन आणि महानुभाव संप्रदाय यांची ओळख करून देणारे प्रमाणपत्र अभ्यासक्रम तिथे आखले गेले. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. या अभ्यासाला लागणाऱ्या मराठी, पाली आणि प्राकृत या तिन्ही भाषांना 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला.

संशोधनासाठी पैशाची वाट बहुतेकदा नेट परीक्षेतून जाते. ‘धर्मांचा तुलनात्मक अभ्यास’ हा तिथे स्वतंत्र विषय आहे. पाली आणि प्राकृतही आहेत. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये मिळतात. राज्य शासनाच्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतील पीएच.डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. या संस्थांच्या जाहिराती वर्षभर पाहत राहावे; मुदत थोडकी असते. मात्र मोडी लिपी वाचता येणे आणि जुनी मराठी अंगवळणी पडणे ही तयारी पदवीच्या वर्षांतच व्हायला हवी. पीएच.डी.ला नाव नोंदवल्यावर लिपी शिकायला बसणे फार महागात पडते.

2025–26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मोहीम जाहीर झाली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन हे तिचे उद्दिष्ट. मठांत, मंदिरांत आणि घरांत जपलेल्या पोथ्यांची यादी करायला गावचीच, ओळखीची माणसे लागतात. पाचोडच्या पदवीधराला संशोधनात पाऊल टाकायला हे काम सर्वांत जवळचे आहे.