शिक्षक-गौरवाची परंपरा

अध्यापकांच्या गुणांची जाहीर कदर करण्याच्या प्रथेस महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. मुलींना शिकविण्याचे व्रत घेतल्यामुळे १८४९ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांना गृहत्याग करावा लागला. तीनच वर्षांनी, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांस शाल अर्पण करून गौरविले. वर्गात शिकविणाऱ्या सावित्रीबाईंचे नाव फार पुढे राज्याच्या शिक्षक पुरस्कारास लाभले. स्वतंत्र भारतात १९५८ पासून राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले. २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांत वाटली. शाल एकाच्या खांद्यावर पडते. मान साऱ्या शिक्षकवर्गाचा असतो.