सांतियागोच्या वाटेवरील ओझे

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गॅलिसिया प्रांतात, सांतियागो दे कोम्पोस्तेला नावाचे नगर वसलेले आहे. ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी याकोब याची समाधी तेथे आहे, या श्रद्धेने युरोपातील माणसे हजार वर्षांहून अधिक काळ या नगराकडे पायी जात आली आहेत. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात थिओदोमिर नावाच्या बिशपाला ती समाधी आढळली असे सांगतात. आस्तुरियासचा राजा दुसरा आल्फोन्सो याने तेथे पहिले देवालय बांधविले, आणि आज दिसते त्या भव्य कॅथीड्रलचे काम 1075 साली सुरू झाले. समाधी खरोखर कोणाची, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत; पण पावलांनी त्या वादाच्या निकालाची वाट पाहिली नाही.

आज या यात्रेचे एक नवेच रूप रूढ झाले आहे. यात्रा पुरी केल्याचे लॅटिन प्रमाणपत्र मिळण्यास किमान 100 किलोमीटर पायी चालावे लागते, आणि सांतियागोपासून सुमारे 115 किलोमीटरवर असलेले सारिया हे गाव त्या हिशेबात नेमके बसते. तेव्हा पाच-सात दिवसांची रजा काढावी, सारियाला उतरावे, पाठीवर पाण्याची बाटली आणि पावसाळी अंगरखा एवढेच घ्यावे, मोठी पिशवी मोटारीने पुढच्या मुक्कामी धाडावी आणि रात्री स्वतंत्र खोलीत निजावे, असा हा परिपाठ. महिनाभर चालून, सर्व ओझे पाठीवर वाहून आलेले यात्रेकरू अशांकडे किंचित तिरक्या नजरेने पाहतात. ही कसली यात्रा, असे त्यांचे म्हणणे!

या आक्षेपाला इतिहासाचा आधार किती, हे पाहण्यासारखे आहे. बाराव्या शतकाच्या मध्यास सिद्ध झालेल्या ‘कोडेक्स कॅलिक्स्टिनस’ या हस्तलिखिताचा पाचवा भाग म्हणजे या वाटेची मार्गदर्शिका होय. तिच्या कर्त्याने, म्हणजे बहुधा एमेरी पिको नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने, पिरेनीज पर्वतापासूनची सारी वाट अवघ्या 13 टप्प्यांत वाटली आहे, आणि त्यांतील काही टप्पे घोड्यावरूनच उरकावयाचे असल्याचे स्पष्ट नमूद केले आहे. नाव्हार प्रदेशातील एका खाऱ्या नदीची त्याची हकीकत तर प्रसिद्धच आहे. काठावर सुऱ्या परजीत बसलेल्या दोघांनी पाणी गोड असल्याची ग्वाही दिली. ते पिऊन सोबतचे दोन घोडे मेले, आणि त्या दोघांनी तत्काळ त्यांचे कातडे सोलण्यास आरंभ केला. नाव्हारच्या लोकांवर या ग्रंथकाराचा राग इतका आहे की त्याचे सगळेच बोलणे प्रमाण मानू नये. तथापि या वाटेच्या आद्य मार्गदर्शकाजवळ घोडे होते, ही गोष्ट त्याच्याच लेखणीतून उतरली आहे. म्हणजे वाहनाला वा सुखसोयींना हा मार्ग कधीच परका नव्हता. पंढरीच्या वाटेवर दिंडीचे सामान ट्रकमधून पुढे जाते, म्हणून वारकऱ्याला कोणी उणे लेखीत नाही.

मात्र त्याच मार्गदर्शिकेत ओझ्याची एक निराळी कथाही आहे. सारियाच्या अलीकडील त्रियाकास्तेला गावी यात्रेकरू चुनखडीचा एक दगड उचलीत आणि आर्सुआजवळच्या कास्तान्येदा येथील भट्ट्यांपर्यंत तो वाहून नेत. त्या दगडांचा चुना कॅथीड्रलच्या बांधकामास लागे. अंतर जवळजवळ 90 किलोमीटर! स्वतःच्या सामानाखेरीज मंदिराचा दगड खांद्यावर घेऊन चालणारा तो अनामिक माणूस आणि पिशवी मोटारीने धाडणारा आजचा प्रवासी यांत अंतर आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

सोळाव्या शतकानंतर ही वाट ओस पडत गेली. तिला पुन्हा जाग आणण्याचे बरेचसे श्रेय ओ सेब्रेइरो या डोंगरी गावचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांना जाते. 1980 नंतरच्या दशकात त्यांनी पिवळ्या रंगाचे बाण रंगवून वाट आखली. 1989 साली ते निवर्तले. 1993 साली युनेस्कोने स्पेनमधील या मार्गास जागतिक वारसा ठरविले, आणि 2024 साली प्रमाणपत्र घेणाऱ्यांची संख्या 5 लाखांच्या घरात गेली. त्यांत सारियाहून निघणाऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा. तरुण माणसे शहराकडे गेलेल्या गॅलिसियातील खेड्यांत आज जी घरे खोल्या भाड्याने देऊन उघडी राहिली आहेत, ती या ‘सोप्या’ यात्रेकरूंच्याच जिवावर. टीकाकारांनी हेही ध्यानात घ्यावे.

आखणी करणाऱ्याने प्रथम खोल्या राखाव्यात, मग सामानाचे ठरवावे. कारण प्रांतिक सरकारची स्वस्त वसतिगृहे मोटारीने आलेले सामान स्वीकारीत नाहीत. पोर्तोमारीन, पालास दे रेई, आर्सुआ आणि ओ पेद्रोउसो हे नेहमीचे मुक्काम. पालास ते आर्सुआ हा टप्पा सुमारे 29 किलोमीटरचा आहे. तो मेलिदे येथे तोडल्यास पाय दुखावत नाहीत. सकाळी पिशवीवर पुढच्या मुक्कामाचा पत्ता लावून ती दाराशी ठेवावयाची. औषधे, पैसे व शिक्क्यांची यात्रापुस्तिका मात्र जवळच हवी. सारियापासून दिवसाला दोन शिक्के घ्यावे लागतात. 25 जुलै हा संत याकोबाचा सण रविवारी आला की ते पवित्र वर्ष मानतात. 2021 नंतर असे वर्ष 2027 आहे. त्या वर्षी खोली मिळणे कठीण, हे निराळे सांगावयास नको.

पोर्तोमारीनला क्षणभर थांबावे. बेलेसार धरणाच्या पाण्याखाली 1960 नंतरच्या दशकात जुने गाव गेले, तेव्हा तेथील चर्चचा एकेक दगड अंक घालून उचलला गेला आणि टेकडीवर पुन्हा रचला गेला. ते अंक भिंतींवर अद्याप दिसतात.

वाट संपते ती कॅथीड्रलसमोरील चौकात. त्याच चौकात फर्डिनंड आणि इसाबेला या राजदंपतीने 1499 साली दरिद्री व आजारी यात्रेकरूंसाठी स्थापन केलेल्या रुग्णालयाची इमारत उभी आहे. 1954 पासून तेथे आलिशान हॉटेल चालते, आणि ऐपत असलेले यात्रेकरू आपली अखेरची स्वतंत्र खोली तेथेच राखून ठेवतात.