वारली उठाव आणि ‘जेव्हा माणूस जागा होतो’

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी ओलांडली की विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचे मंदिर लागते. चैत्र पौर्णिमेपासून इथे भरणाऱ्या यात्रेला डहाणू, तलासरीचे आदिवासी हजारोंनी येतात. वारली म्हटले की बाहेरच्यांना आठवतात ती गेरूवर काढलेली पांढरी चित्रे आणि तारप्याभोवतीचा नाच. याच पट्ट्यात 1945 ते 1947 या काळात आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. त्याला गोळीबाराने उत्तर मिळाले आणि पुढे त्यावर मराठीतले एक महत्त्वाचे पुस्तक लिहिले गेले. हे पुस्तक म्हणजे गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (1970). त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

‘लग्नगडी’ म्हणजे काय?

उठाव समजून घ्यायचा तर आधी हा शब्द समजला पाहिजे. वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे उचलायचा आणि त्या बदल्यात त्याच्याकडे राबायला जायचा. बायकोही त्याच्याबरोबर राबायची. कर्ज फिटेपर्यंत काम, असा करार असे. पण हिशेब जमीनदाराच्या वहीत आणि वही वाचता येणारा फक्त जमीनदार. त्यामुळे कर्ज फिटत नसे. ‘गडी’ हा घरगुती, निरुपद्रवी वाटणारा शब्द आहे. त्याच्या आड जन्मभराची गुलामी लपली होती. ‘वेठ’ आणि ‘खावटी’ हे याच व्यवहारातले शब्द. वेठ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर फुकट काम, तर खावटी म्हणजे पावसाळ्यात खाण्यासाठी घेतलेले धान्य, जे सुगीला वाढीदिढीने परत करायचे.

सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने 1930 च्या दशकाच्या अखेरीस मुंबई प्रांतातील आदिवासी भागांवर अहवाल दिला होता आणि त्यात या पिळवणुकीची नोंद होती. नोंद झाली, वेठ चालूच राहिली.

झरी ते तलवाडा

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले. तिथे काही वारली प्रतिनिधी पोहोचले. त्यानंतर 23 मे 1945 रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी गावी वारल्यांची परिषद भरली. तिथले ठराव अगदी साधे होते. वेठ करायची नाही. बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल ठेवायचे नाही. गावोगाव लाल बावटा फिरू लागला आणि लग्नगडी मालकांची घरे सोडून बाहेर पडले.

पावसाळ्यानंतर गवत कापणीचा हंगाम आला. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत याच भागातून जात असे. पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये द्या, अशी मागणी करून मजुरांनी संप पुकारला.

10 ऑक्टोबर 1945 रोजी तलासरीजवळ तलवाडा इथे मोठा जमाव गोळा झाला. किसान सभेच्या कथनानुसार, गोदावरी परुळेकर यांच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप जमीनदारांच्या माणसांनी पसरवला होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या समाजात तोंडी निरोप हीच बातमी असते आणि तो पडताळायला दुसरे साधन नसते. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला. पाच आदिवासी मारले गेले. त्यांतले जेठ्या गांगड हे नाव आजही घेतले जाते; उरलेल्यांचा उल्लेख बहुधा ‘इतर चार’ असाच होतो. त्यानंतर सभाबंदी आली, परुळेकर दांपत्याला हद्दपार केले गेले. 1946 मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे सरकार आले तरी दडपशाही थांबली नाही. जानेवारी 1947 मध्ये पालघर तालुक्यातील नानिवली इथे पुन्हा गोळीबार झाला.

उठाव की दंगल?

एकाच घटनेला दोन बाजूंनी वेगवेगळी नावे मिळतात आणि त्या नावावर बंदुकीचे समर्थन अवलंबून असते. जमावाला ‘दंगलखोर’ म्हटले की गोळीबार हा बंदोबस्त ठरतो. ‘संपकरी मजूर’ म्हटले तर त्याच गोळीबाराचा जाब द्यावा लागतो. जर्मनीत नाझी राजवटीच्या भाषेचा असाच बारकाईने अभ्यास व्हिक्टर क्लेम्पेरर यांनी केला. रोजच्या बोलण्यातले शब्द हिंसेला कसे सवयीचे करतात, हे दाखवणारे त्यांचे पुस्तक 1947 चे. त्याच वर्षी शामराव परुळेकर यांनी इंग्रजीत ‘रिव्होल्ट ऑफ द वारलीज’ ही पुस्तिका काढली. दोन्ही परिस्थितींत तुलना होण्यासारखे फार थोडे आहे. शब्दांकडे पाहण्याची गरज मात्र दोन्हीकडे तीच.

पुस्तकाचे वेगळेपण

गोदावरी परुळेकर (1907-1996) पुण्याच्या, माहेरच्या गोखले. कायद्याची पदवी घेतलेल्या. ग्रांथिक मराठीत वाढलेल्या या बाईंना वारली बोलीच्या मुलखात काम करायचे होते. त्यामुळे पुस्तक केवळ लढ्याचा अहवाल राहत नाही. भीतीने गप्प असलेली माणसे बोलती कशी होतात, हा त्यातला खरा गाभा आहे.

शीर्षकातही ‘आदिवासी’ किंवा ‘वारली’ नाही, ‘माणूस’ आहे. 1975 च्या इंग्रजी आवृत्तीचे नाव मात्र ‘आदिवासीज रिव्होल्ट’ झाले. मराठी नावात माणूसपण पुढे येते, इंग्रजीत बंड. मराठी नाव अधिक नेमके वाटते, पण त्यातही एक अडचण आहे. ‘जागा होतो’ म्हणजे आधी झोपला होता का? आणि हे ठरवणारी व्यक्ती बाहेरून आलेली, शिकलेली. पुस्तकात वारली बोलतात, तेही लेखिकेच्या मराठीतून. इंद्रा मुन्शी सालदान्हा यांनी 1986 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त उठावातील आदिवासी स्त्रियांवर लेख लिहून डाव्यांच्या मांडणीत वर्ग आणि स्त्री-पुरुष भेद यांचा मेळ कसा घातला गेला, हा प्रश्न विचारला. लग्नगड्याबरोबर त्याची बायकोही राबत होती. शब्द मात्र फक्त त्याच्यासाठी होता.

तलासरीच्या महाविद्यालयाला आज परुळेकरांचे नाव आहे. 10 ऑक्टोबर हा दिवस या भागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो.