संगणकाची नाडी



वैद्यानें रोग्याच्या मनगटावर बोटें ठेवावीं आणि नाडीच लागूं नये, असें झालें तरी रोगी गतप्राण झाला असा निर्णय तो एकदम देत नाहीं. आपलीं बोटें योग्य जागीं आहेत कीं नाहींत, हें तो प्रथम पाहतो. आज बँकांचे हिशेब, आगगाडीचीं तिकिटें आणि इस्पितळांतील नोंदी ज्या सर्व्हर नांवाच्या संगणकांवर अवलंबून आहेत, त्यांनाहि अशी नाडी असते. उष्णता, विजेचा दाब आणि पंख्याचे फेरे हीं तिचीं तीन लक्षणें होत. तीं मोजणारे संवेदक मदरबोर्डवर बसविलेले असतात. परंतु पुष्कळदां असें घडतें कीं, यंत्र धडधाकट चालू असतां हे संवेदक मात्र मुके राहतात. त्यांचें वाचन करणारा ड्रायव्हर नांवाचा कार्यक्रम सुरूच होत नाहीं. असें कां व्हावें, याचें उत्तर या उपकरणांच्या इतिहासांत आहे.

उष्णतेचें माप विजेच्या भाषेंत मांडण्याची कला जुनी आहे. १८२१ सालीं सीबेक यानें दोन भिन्न धातूंच्या सांध्यांना कमीअधिक ऊष्मा दिला असतां वीज उत्पन्न होते, याचा शोध लावला. १८३३ सालीं मायकेल फॅरडेनें असें पाहिलें कीं, रौप्यगंधकिद तापविलें म्हणजे त्याचा विद्युद्विरोध, धातूंच्या उलट, कमी होतो. या दुसऱ्या निरीक्षणाचा वंशज जो थर्मिस्टर, तो आजहि मदरबोर्डवर आढळतो. संगणकांपुरतें बोलावयाचें, तर १९४५ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फियास तयार झालेल्या एनियाक यंत्रांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या. आणि एखादा भाग फाजील तापला तर वीज तोडणारे थर्मोस्टॅट त्यांत बसविलेले होते. म्हणजे उष्णतेची धास्ती संगणकाच्या जन्माबरोबरच आली.

पुढें यंत्रें लहान झालीं, घरोघर गेलीं, आणि कांहीं काळ ही धास्ती विसरली गेली. १९९० नंतरच्या दशकांत प्रोसेसरांचा वेग व त्याबरोबर त्यांचा ताप वाढला, तेव्हां ती पुनः जागी झाली. नॅशनल सेमीकंडक्टर या अमेरिकन कंपनीनें त्या दशकांत एलएम ७८ नांवाची एक चिप काढली. ती सात ठिकाणचा विद्युद्दाब, तीन पंख्यांची गति आणि स्वतःचें तपमान मोजीत असे. तिची पंखा मोजण्याची रीत पाहण्यासारखी आहे. पंख्याचा एक फेरा होईपर्यंत घड्याळाचे ठोके मोजावयाचे. ते फार होऊं नयेत म्हणून त्यांस आधीं एका भाजकानें भागावयाचें. आणि मोजलेला आंकडा व भाजक यांच्या गुणाकारानें १३,५०,००० ला भागलें म्हणजे मिनिटाचे फेरे निघतात. परंतु मोजणाऱ्या कप्प्यांत २५५ हून मोठा आंकडा मावत नसे. त्यामुळें भाजक २ असतां, मिनिटाला सुमारें २,६५० फेऱ्यांहून मंद फिरणारा पंखा त्या चिपेस थांबलेलाच वाटे. भाजक ४ केला कीं, तोच पंखा दिसूं लागे. फिरत्या पंख्यापुढें शून्य कां लिहिलेलें असतें, याचें हें एक जुनें कारण आहे. तेथें दोष पंख्याचा नसून मापाचा असतो.

आतां या चिपेजवळ पोहोंचावयाचें कसें? १९८२ सालीं हॉलंडच्या फिलिप्स कंपनीनें दोन तारांची एक साधी वाहिनी काढली होती. तिला आय-स्क्वेअर-सी म्हणतात. तिच्याच धर्तीवर इंटेलनें १९९५ सालीं एसएमबस नांवाची वाहिनी पुढें आणली. या वाहिनीवर पत्ता सात अंकचिन्हांचा, म्हणजे घरें फार तर १२८, आणि त्यांतलींहि कांहीं राखीव. पण खरी अडचण घरांच्या संख्येची नव्हे. या आळींत घरांना क्रमांक आहेत, पण दारांवर पाट्या नाहींत. संगणकांतील पीसीआय जातीचीं उपकरणें, विचारल्याबरोबर आपला कर्ता कोण व आपण कोण हें सांगतात. या दोन तारांवरचीं उपकरणें तसें सांगण्यास बांधलेलीं नाहींत. तेव्हां प्रत्येक दार ठोठावावें, उत्तराचा सूर ऐकावा, आणि आंत कोण असेल याचा तर्क करावा, एवढाच मार्ग उरला.

हें दार ठोठावण्याचें काम लिनक्स या मुक्त प्रणालीसाठीं १९९८ च्या सुमारास फ्रोडो लोइयार्ड आणि फिलिप एडलब्रॉक यांनीं अंगावर घेतलें. त्यांच्या प्रकल्पाचें नांव एलएम-सेन्सर्स. त्यांतील एलएम हीं अक्षरें वर सांगितलेल्या एलएम ७८ व तिची भगिनी एलएम ७५ यांच्यावरूनच आलीं. मोबदल्याची अपेक्षा न धरतां अनेकांनीं यांत भर घातली. परंतु थोड्याच काळांत एक अनर्थ ओढवला. आयबीएमच्या कांहीं थिंकपॅड संगणकांत एक स्मरण-चिप अशी होती कीं, ‘घरांत कोणी आहे काय?’ एवढी साधी पृच्छाहि ती ‘लिहा’ अशी आज्ञा समजे. पृच्छा झाली कीं, तिच्यांतील मजकूर बिघडे आणि यंत्र पुनः सुरूच होत नसे. नाडी पाहावयास गेलेल्या वैद्याच्या हातून रोगीच दगावावा, तसें हें झालें! तेव्हांपासून त्या प्रकल्पांत आयबीएमचीं यंत्रें ओळखून तेथें हात न लावण्याची व्यवस्था झाली. कोणत्या दारावर थाप मारूं नये हें आधीं ठरलें पाहिजे, ही शिकवण येथून मिळाली.

दुसरी शिकवण वेगळ्याच बाजूनें आली. १९९६ सालीं इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनीं एसीपीआय नांवाचा नियमसंग्रह प्रसिद्ध केला. त्यामुळें मदरबोर्डाच्या कर्त्यानें लिहिलेल्या कारभाराच्या आज्ञाहि यंत्र चालू असतां अंमलांत येऊं लागल्या. म्हणजे एकाच संवेदक-चिपेला दोन धनी झाले: एक मदरबोर्डाचा कारभारी, दुसरा प्रणालीचा ड्रायव्हर. कित्येक चिपांत वाचावयाची रीत अशी असते कीं, आधीं पानाचा क्रमांक सांगावा, मग त्या पानावर वाचावें किंवा लिहावें. एकच खातेवही दोन कारकुनांपुढें उघडी असावी. एकानें पांचवें पान काढावें, तोंच दुसऱ्यानें नववें उलटावें, आणि पहिल्यानें न पाहतांच तेथें लिहून टाकावें, म्हणजे काय होईल? वाचन चुकलें तर एक खोटा आंकडा मिळेल. लेखन चुकलें तर पंखा किंवा विद्युद्दाब यांच्याच व्यवस्थेंत ढवळाढवळ होईल. यास्तव २००९ सालच्या लिनक्स २.६.३१ या आवृत्तीपासून असा नियम झाला कीं, जी जागा एसीपीआयनें आपली म्हणून सांगितली असेल, तेथें ड्रायव्हरनें शिरूं नये. परिणाम असा झाला कीं, काल ज्या यंत्रांवर संवेदक वाचले जात होते, त्यांपैकीं कांहींवर ते आज बंद पडले. पुष्कळांनीं यास बिघाड म्हटलें. वस्तुतः तो नकार होता, आणि विचारपूर्वक दिलेला नकार होता.

सर्व्हरांची कथा यांतहि थोडी निराळी आहे. १९९८ सालीं इंटेल, डेल, ह्यूलेट-पॅकार्ड आणि एनईसी यांनीं आयपीएमआय नांवाची पद्धति जाहीर केली. तिच्यांत मदरबोर्डवर बीएमसी हा एक लहानसा स्वतंत्र संगणक असतो. मुख्य यंत्र झोपलेलें असलें तरी तो जागा राहून पहारा करतो. अशा यंत्रांत संवेदक बहुधा या पहारेकऱ्याच्याच हवालीं असतात. तेव्हां घरगुती संगणकासाठीं केलेला ड्रायव्हर तेथें घालून ‘उपकरण सांपडत नाहीं’ असें उत्तर आलें, तर तें खरेंच असतें. विचारावयाचें तें पहारेकऱ्यास, आयपीएमआयच्या मार्गानें, विचारलें पाहिजे.

या इतिहासावरून परीक्षेची रीत आपोआप निघते. संवेदक सुरू झाले नाहींत, तर प्रथम प्रणालीनें आपल्या नोंदवहींत काय लिहिलें आहे तें वाचावें. ‘उपकरण नाहीं’ हे शब्द असतील, तर तीन शक्यता पाहाव्यात: सर्व्हर हा खरा नसून दुसऱ्या यंत्राच्या पोटांतला आभासी सर्व्हर आहे काय, कारण आभासी शरीराला नाडी नसते, संवेदक बीएमसीच्या हवालीं आहेत काय, किंवा चिप इतकी नवी आहे काय, कीं तिचा ओळख-क्रमांक जुन्या ड्रायव्हरास ठाऊकच नाहीं. शेवटच्या प्रकारांत प्रणालीची नवी आवृत्ति घेणें हाच सरळ उपाय. उलट ‘जागा गुंतलेली आहे’ असा शेरा असेल, तर दोन धन्यांचा तंटा आहे असें समजावें. नियम शिथिल करण्याची एक सोय लिनक्सनें ठेविली आहे खरी; पण ज्या सर्व्हरवर लोकांचें काम चाललें आहे, तेथें ती वापरणें म्हणजे दोघां कारकुनांपुढें वही पुनः उघडी टाकणें होय. त्यापेक्षां कारभाऱ्याच्याच मध्यस्थीनें आंकडे घ्यावे. असूस कंपनीच्या कित्येक बोर्डांसाठीं २०२२ च्या लिनक्स ५.१७ मध्यें नेमकी हीच तोड काढली गेली: ड्रायव्हर चिपेकडे स्वतः न जातां, बोर्डाच्या कारभाऱ्यामार्फत वाचन करतो.

संवेदक मुके राहिले म्हणजे यंत्र अरक्षित झालें, असेंहि मात्र नाहीं. २००१ सालीं टॉम्स हार्डवेअर या परीक्षकांनीं चालू प्रोसेसरांवरील उष्णताहारक काढून पाहिले. पेंटियम ४ आपला वेग कमी करून वांचला. ज्यांत अशी सोय नव्हती तो अ‍ॅथलॉन क्षणार्धांत जळाला. आतां हें स्वसंरक्षण प्रोसेसराच्या अंगींच असतें. पण तें शेवटच्या घटकेचें संरक्षण होय. पंखा हळूहळू मंदावत आहे, विद्युद्दाब रोज थोडा घसरत आहे, हें आठ दिवस आधीं सांगणारा संवेदकच असतो. त्याचें मौन सोडविण्याची खटपट अवश्य करावी. मात्र त्या मौनाचें कारण समजल्याविना बळजबरी करूं नये. आज्ञा न मानणारें प्रत्येक यंत्र बिघडलेलें नसतें. कित्येकदां, पूर्वी कोणाचें तरी नुकसान झालें म्हणून, शहाण्या माणसांनीं त्याला ‘नाहीं’ म्हणावयास शिकविलेलें असतें.